हाताच्या मापाचा पट्टा

आत्याबाई, आज शिबिरात पंचवीसेक बायकांसमोर बसून मी अंग चोळायच्या मशीनबद्दल तासभर बोलले आणि एकदाही मान खाली घातली नाही. तुम्ही असता तर दाराशी फुलं ओवत ऐकलं असतंत आणि मधेच म्हणाला असतात, "मोठ्यानं सांग, मागं ऐकू येत नाय." घरी आल्यावर तुमच्या लेकाने एक गोष्ट सांगितली आणि मग चहासुद्धा गोड लागेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तुम्ही माझ्या सासूबाई, पण आपल्याकडच्या रीतीने मी पहिल्या दिवसापासून आत्याबाईच म्हटलं. खऱ्या आत्याने माझे एवढे लाड केले नाहीत आणि एवढं रागावलंही नाही.

टेम्पो उलटला ते सत्त्याण्णव साल होतं, लग्नाला जेमतेम चौथं वर्ष लागलेलं. झेंडूचे क्रेट घेऊन धुळ्याकडे निघालेले हे चांदवडच्या पुढे घाटात पडले आणि मानेचा मणका गेला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खांद्यांत जोर होता, मनगट वर उचलायचं, पण बोटं वळायची नाहीत आणि छातीखाली तर काही कळतच नव्हतं. आपल्या मळ्यात आजाऱ्याची खाट पुढच्या खोलीत टाकायची पद्धत. येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला सोपं पडतं. मखमलाबादपासून पार पंचवटीपर्यंतचे पाहुणे यायचे, खाटेच्या कडेला बसायचे, ह्यांच्या पायाला चिमटा काढून "कळतं का रे?" विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. तुम्ही खाटेजवळ खाली झोपायच्या, मी स्वयंपाकघरात. माझा भाऊ दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने पिशवीच आणली होती. "कपडे भर," म्हणाला. मी भरले नाहीत, पण का भरले नाहीत हे मला त्याला सांगता आलं नाही. मी इथे कोण होते, हेच मला कळेनासं झालं होतं. बायको म्हणावं तर तसं काही उरलेलं दिसत नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाई पगार घेऊन जे करायच्या ते मी फुकट करत होते, एवढंच.

तुम्ही मला पहिल्यांदा नीट झापलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. मी ह्यांना वरणभात भरवते आहे. घास तोंडाशी नेताना माझ्या तोंडून "खा रे सोन्या, एवढा एकच" असं काहीतरी निघतं. भात हनुवटीवर सांडतो, मी पदराने पुसते. तुम्ही दारात परडी घेऊन उभ्या आहात. परडी खाली ठेवता, माझ्या हातातला चमचा काढून घेता आणि म्हणता, "त्याची आई मी हाय. तू त्याची आई होऊ नको. एका माणसाला दोन आया कशाला लागत्यात? तू बायको हाय, बायकोवानी ऱ्हा." मला रडू फुटलं. हे भिंतीकडे बघत होते, पण गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा ह्यांच्या ओठांवर हसू आलेलं मी पाहिलं. बायकोसारखं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायची माझी टाप नव्हती.

तुम्ही मात्र कामाला लागला होतात. गजरा ओवायच्या दोऱ्याने ह्यांच्या तळहाताचा घेर मोजलात, जुन्या दप्तराचा कॅनव्हासचा पट्टा कापलात, आतून तुमच्या लुगड्याचा मऊ तुकडा लावलात आणि चमचा खोचायला एक खण शिवलात. तो पट्टा तळहातावर चढवला की बोटांची गरज उरायची नाही. मनगट वर उचललं की चमचा तोंडाशी. पहिल्या दिवशी अर्धं वरण अंगावर गेलं, पण जेवले ते स्वतःच्या हाताने. मग कंगव्याचा पट्टा झाला, दाढीच्या ब्रशचा झाला. आणि एक दिवस दोन गडी बोलावून तुम्ही खाट उचलून आतल्या खोलीत नेलीत. त्या खोलीच्या दाराला आतून खालच्या बाजूला लाकडी अडसर बसवून घेतलात, व्हीलचेअरवरून मनगटाने ढकलता येईल एवढ्या उंचीवर. कडी वर होती की, तिला काय झालं होतं, असं सुतार विचारत होता. "वरची तिची, खालची त्याची," तुम्ही म्हणालात. पाहुण्यांना सांगून टाकलंत की दुपारी यायचं नाही, दोघं झोपतात. चुलत सासरे रागावून महिनाभर आले नाहीत. तुम्हाला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

दार बंद व्हायला लागलं. पण बंद दारामागे आम्ही दोघं काय करत होतो म्हणाल, तर शेजारी पडून छताकडे बघत होतो. हे माझ्या केसांत मनगट फिरवायचे आणि थांबायचे. अशी तीनेक वर्षं गेली असतील. शहरात ज्या केंद्रात व्यायामाला जायचो तिथल्या फिजिओथेरपीच्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "तुमचं दोघांचं कसं चाललंय?" मी म्हटलं, जेवण चांगलं आहे, पाठीला जखम नाही. त्या म्हणाल्या, "ते नाही विचारत मी." मग मला एका बाजूला बसवून त्यांनी जे सांगितलं ते तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. मणका तुटला म्हणून इच्छा तुटत नाही. ह्यांच्या मानेला, कानामागे, दंडाला अजून सगळं कळतं. माझं अंग तर धडधाकट आहे, त्याने काय गुन्हा केला? ह्यांना सगळ्यात जास्त टोचत असेल ते हे, की बायकोला द्यायला आता हातात काही नाही. परदेशात यासाठी खास वस्तू मिळतात, म्हणाल्या, इथे तुम्हाला पाठ चोळायचं थरथरणारं मशीन मिळेल, तेही चालतं. पण निवडताना बघून घ्या. गरम होणारं नको, ह्यांच्या कातडीला भाजलेलं कळणार नाही. हलकं हवं. बटण असं हवं की मनगटाने दाबता येईल. वापरताना वरून निरोध चढवा, मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते ती घ्या, तेल लावाल तर रबर फाटेल. आणि ह्यांच्या अंगाला लावलंत आणि अचानक डोकं ठणकलं, दरदरून घाम आला, तर तिथेच थांबायचं, उठवून बसवायचं आणि डॉक्टरला गाठायचं. हे सगळं त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की मीही साध्या आवाजात विचारायला लागले.

मशीन घ्यायला आम्ही गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात गेलो. मंडपात एक विक्रेता येईल त्याच्या मानेवर ते मशीन फिरवत होता. ह्यांची चेअर बघून माझ्याकडे वळला आणि ह्यांच्या डोक्यावरून मला म्हणाला, "पेशंटसाठी पाहिजे का, मॅडम?"

हे म्हणाले, "पेशंट कोण? मला बायकोसाठी पाहिजे."

"वहिनींची पाठ दुखते का?"

"मला उचलून उचलून दुखणारच की."

आत्याबाई, तेव्हा माझे कान तापले, पण आज लिहिताना छाती भरून येते. ह्यांनी तिथली सगळी मशीनं मांडीवर घेतली. एक उचलताच म्हणाले, जड आहे. एकाचं बटण सरकवायचं होतं, त्याला अंगठा लागतो, ते परत. एक गरम व्हायचं, ते मी ठेवून दिलं. शेवटी एक लांब दांड्याचं, पुढे मऊ रबरी गोळा असलेलं, मोठ्या गोल बटणाचं मिळालं. मनगटाच्या हाडाने ह्यांनी ते दाबलं, घर्रर आवाज आला, आणि तुमचा लेक लग्नात दिसला होता तसा दिसला.

घरी मात्र सगळं फसलं. दांडा ह्यांच्या हातातून निसटायचा. दोन्ही मनगटांत धरला तर तोल जायचा. दोन-तीन दुपारी आम्ही तसेच झगडलो, मशीन एकदा खाटेखाली जाऊन फरशीवर घरघरत राहिलं आणि आम्ही दोघं हसलो, पण त्यानंतर ह्यांना हसू आलं नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवून धरायला गेले तर म्हणाले, "मग तूच धर की. मी कशाला पाहिजे?" आणि तोंड फिरवलं. ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण त्यात मला परत तीच जुनी खोली दिसली, पाहुण्यांची, चहाची, चिमट्यांची. मी मशीन फडताळात टाकून दिलं. त्यातच भिंतीपलीकडच्या चुलत जाऊबाईंनी धुण्याच्या दगडावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, दुपारची गिरणी चालवता का तुम्ही? घर्र घर्र येतं आमच्याकडं." बायका हसल्या. मी कपडे पिळत राहिले. आता ते मशीन विहिरीत टाकायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मळ्यातून परतले तर अंगणात तुम्ही बाजेवर पाय पसरून बसला आहात. लुगडं गुडघ्याच्या वर. खिडकीतून वायर बाहेर ओढली आहे आणि ते मशीन तुमच्या गुडघ्यावर घरघरतं आहे. शेवंतीचे हार करायला जमलेल्या सगळ्या बायका भोवती, जाऊबाई सगळ्यात पुढे.

"कुठून आणलं?" जाऊबाई विचारतात.

"पोरानं आणलं. सुनेची पाठ धरती, माझं गुडघं धरत्यात. दुपारी अर्धा घंटा चोळलं का मोकळं वाटतं." तुम्ही मशीन त्यांच्याकडे करता. "बघ, लावून बघ. लाजती कशापायी?"

जाऊबाईंनी लावून बघितलं. सगळ्यांनीच लावून बघितलं. कुणी पाठीला, कुणी पोटरीला, कुणी मानेला. आत खाटेवर हे हसून हसून खोकत होते आणि मी तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसले होते. धुतलेलं होतं, एवढ्यासाठी देवाचे आभार. म्हातारीला काही कळत नाही, असं मी तेव्हा म्हटलं, मनातल्या मनात.

दोन दिवसांनी फडताळात स्वच्छ पंच्यात गुंडाळलेलं मशीन होतं. उघडलं तर दांड्याला पट्टा शिवलेला. तोच कॅनव्हास, आतून लुगड्याचा तोच मऊ तुकडा, घेर ह्यांच्या तळहाताचा, आणि बटण मोकळं राहील अशी खाच कापलेली. तुम्ही पाटीत खुरपं टाकून निघाला होतात. "मी मळ्यात हाय," म्हणालात. "दिवस मावळल्याबिगर यायची नाय." त्या दुपारी अडसर ह्यांनी स्वतः लावला. बाकीचं तुम्हाला सांगायची गरज नाही. एवढंच सांगते की चार वर्षांनी पहिल्यांदा मी ह्यांच्या कुशीत रडले आणि ह्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. एक माणूस आपल्या हाताने दुसऱ्याला काहीतरी देतो आणि दिलेलं पोचलं हे त्याला दिसतं. त्याच्या तोंडावर काय येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मी नर्स नव्हते. त्या खोलीत नर्स नव्हती आणि पेशंटही नव्हता.

संध्याकाळी जेवताना तुम्ही ताटातून मान वर न करता विचारलंत, "पट्टा बसला का नीट?"

"बसला, आई," हे म्हणाले.

"घट्ट वाटला तर सांग. कातडीला काचंल आन तुला कळायचं नाय. रोज हात बघत जा गं त्याचा." शेवटचं मला. मी भाकरी करपवली. थोड्या दिवसांनी म्हणालात, "मला माझं येगळं मशीन आण. ह्ये तुमचं ऱ्हाऊ द्या." मी तेही आणलं. तुम्हाला किती कळलं होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून छळायचा. बायकोची पाठ चोळायला पट्टा, एवढंच समजला होतात, की सगळंच? पुढे भारनियमन वाढलं, दुपारची लाईट कधी जायची, कधी यायची. तुम्ही मळ्यातल्या मोटारीवरून ओळखायच्या आणि बांधावरून हाक मारायच्या, "लाईट आली गं." पाणी भरायला म्हणत असाल असं मी स्वतःला समजावलं. ह्यांना मात्र प्रत्येक वेळी हसू फुटायचं.

तुम्ही गेलात त्यानंतर फिजिओथेरपीच्या बाईंनी मला केंद्रात बोलावलं, नव्याने अपघात झालेल्यांच्या बायकांशी बोलायला. गप्पा मारता मारता ते माझं कामच झालं. आता मोबाईलवरून काय हवं ते मागवता येतं, खोक्यावर नावसुद्धा नसतं. चार्जिंगचं मिळतं, त्यामुळे लाईटची वाट बघायला नको. मी बायकांना सांगते, किंमत आणि चित्र बघून घेऊ नका, आधी आपला हात बघा. मूठ वळते का, वजन किती वेळ पेलतं, बटण कशाने दाबणार. हात पोचत नसेल तर उशीत खोचून ठेवता येतं. अंगाला कळत नसेल तिथे लावल्यावर कातडी बघा. धुऊन, कोरडं करून ठेवा. आज सुरगाण्याची एक बाई आली होती, पस्तिशीची, एक पाय पोलिओने गेलेला, उजवा हात अशक्त. सगळ्या उठल्यावर मागे थांबली.

"ताई, माझं लगीन नाय झालं. मंग हे माझ्यासाठी नाय का?"

"तुझं अंग तुझंच आहे ना? मग तुझ्यासाठीच आहे," मी म्हटलं. आम्ही दोघींनी बसून तिच्या डाव्या हाताचं माप घेतलं. दोऱ्यानेच. जाताना तिने विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं. "सासूने," मी म्हटलं. ती इतकी हसली की तिची काठी पडली.

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, तुमच्या आईला न सांगता सगळं उमगलं. हे म्हणाले, "न सांगता कसं उमगेल? मी सांगितलं होतं." धुण्याच्या दगडावरून मी लाल तोंडाने येऊन ह्यांना जाऊबाईंचं बोलणं सांगितलं त्या दिवशी, मी पाण्याला गेल्यावर, ह्यांनी तुम्हाला आत बोलावलं होतं. फडताळातलं मशीन दाखवून म्हणाले होते, "आई, याला पट्टा शिवून दे. आणि आवाज बाहेर जातोय, तिला लाज वाटतेय." तुम्ही मशीन हातात घेतलंत, उलटसुलट बघितलंत आणि एकच विचारलंत, "कुठल्या हाताला?" आणि दुसऱ्या दिवशी लुगडं वर करून अंगणात बसलात. त्यानंतर त्या भिंतीपलीकडे कितीही घरघर गेली तरी मळ्यात सगळ्यांना एकच वाटायचं, की म्हातारीचे गुडघे चोळणं चाललंय. ज्या बाईने उभ्या जन्मात पावलाच्या वर लुगडं सरकू दिलं नाही, ती सुनेची दुपार झाकायला गुडघे उघडे टाकून बसली होती. आणि मी चुलीपाशी म्हणत होते, म्हातारीला काही कळत नाही.

आत्याबाई, मला किती अभिमान वाटतो ते या कागदावर मावत नाही. असा लेक, ज्याने आईला हे विचारायची हिंमत केली, आणि अशी आई, जिने फक्त कुठला हात ते विचारलं. माझा भाऊ पिशवी घेऊन आला तेव्हा मला सांगता आलं नव्हतं, ते आज सांगता येतं. मी या घरची सून होते म्हणून राहिले.

एक राहिलं. तुमच्या दहाव्यानंतर तुमची पत्र्याची पेटी आवरताना नव्या लुगड्याखाली मला तुमचं ते वेगळं मशीन सापडलं होतं. खोकं तसंच, वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. नवी वस्तू जपून ठेवायची तुमची सवय, असं म्हणून मी ते परत तसंच ठेवलं होतं. आज पेटी उघडून ते बाहेर काढलं आणि प्लॅस्टिक फाडलं. चालू झालं. हे पत्र कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही, तेव्हा घडी करून त्याच खोक्यात ठेवते आहे. तुमचे गुडघे कधी दुखलेच नव्हते, आत्याबाई. माझे मात्र खरंच दुखतात.